सहा खान्यांचा बागुलबुवा

बेंगळुरूतल्या मराठी घरांत फ्रेंच शिकणे ही आता नवलाई राहिलेली नाही. दहावी झालेली मुलगी पीयूसीला फ्रेंच घेते, कारण त्या पेपरात गुण भरघोस पडतात अशी ख्याती आहे. तिचा मामा फ्रेंच बँकेच्या किंवा फ्रेंच सॉफ्टवेअर कंपनीच्या इथल्या कचेरीत कामाला असतो. त्याला पॅरिसच्या मंडळींशी चार वाक्ये धड बोलायची असतात. आणि शेजारचे तिशीतले जोडपे शनिवार-रविवार वर्गाला पळते ते कॅनडासाठी. २०२३ पासून कॅनडाने फ्रेंच येणाऱ्या उमेदवारांसाठी निवडीच्या वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या, तेव्हापासून ही धावपळ वाढली. तिघांची गरज वेगळी, वय वेगळे, पण गाऱ्हाणे एकच: ‘बाकी सगळे जमते हो, क्रियापद चालवणे तेवढे जमत नाही. वर्तमानकाळातच सहा-सहा रूपे, वर तीन गट, आणि तिसऱ्या गटाला तर नियमच नाही. त्यापेक्षा आपल्या भाषा किती सरळ!’

या गाऱ्हाण्यावर शिकवणाऱ्यांकडे एकच तोडगा असतो. सहा खान्यांचा तक्ता आखा, वही भरा, पाठ करा.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग लोळवायचा, हे खंडन नव्हे. म्हणून त्याच्या बाजूने बोलण्यासारखे जे आहे ते आधी सांगतो. खुद्द फ्रेंच लोकांच्या घरात क्रियापदांच्या तक्त्यांचे जाडजूड पुस्तक असते. बेशरेल बंधूंनी १८४२ साली त्याची सुरुवात केली. आज ‘बेशरेल’ हे नाव त्या जातीच्या पुस्तकालाच पडले आहे. ज्यांची ही मातृभाषा, त्यांनाच तक्ते उघडावे लागत असतील तर आपली काय कथा? दुसरा मुद्दा आपल्या परंपरेचा. भांडारकरांची ‘मार्गोपदेशिका’ हातात धरून महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या त्या घोकूनच. रूपावली पाठ केल्याशिवाय भाषा येते, असे कोणी दाखवून द्यावे.

दोन्ही मुद्दे वजनदार आहेत, आणि दोन्ही तपासले की उलट बाजूला झुकतात.

आधी रूपे मोजू. मोजायची कानाने, कारण भाषा आधी कानावर पडते. गाणे या अर्थाचे ‘शाँते’ हे साधे, नियमित क्रियापद घ्या. झ शाँत, त्यु शाँत, ईल शाँत, नू शाँतों, वू शाँते, ईल शाँत. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. सहा खान्यांपैकी चार खान्यांत एकच उच्चार आहे. उरली तीन रूपे. त्यातही आजचा फ्रेंच माणूस गप्पा मारताना ‘नू शाँतों’ फारसे म्हणतच नाही. ‘आम्ही’साठी तो सर्रास ‘ऑं शाँत’ म्हणतो, म्हणजे पुन्हा तेच रूप. राहिली दोन. कागदावर मोजली तरी पाचच भरतात, कारण मी आणि तो यांचे स्पेलिंग एकच आहे. सहा हा आकडा कुठून आला? तो तक्त्याच्या खान्यांचा आहे.

आता आपली ‘सरळ’ मराठी. मी गातो, मी गाते, तू गातोस, तू गातेस, तो गातो, ती गाते, ते गातं, तुम्ही गाता, ते गातात. गातो, गाते, गातोस, गातेस, गातं, गाता, गातात. बोलीतले नपुंसकलिंगी ‘गातं’ धरून सात रूपे झाली, आणि सातही कानाला वेगळी. शिवाय गाणारा पुरुष की बाई, हे क्रियापद उच्चारण्याआधी ठरवावे लागते. फ्रेंच वर्तमानकाळात लिंगाचा हा जाच नाही. शेजारची कन्नड आणखी पुढची. हाडुत्तेने, हाडुत्तीये, हाडुत्ताने, हाडुत्ताळे, हाडुत्तदे, हाडुत्तेवे, हाडुत्तीरि, हाडुत्तारे, हाडुत्तवे अशी नऊ. जयनगरच्या भाजीवालीशी जो मराठी माणूस कन्नडमध्ये घासाघीस करतो, त्याने दोन-तीन रूपांच्या क्रियापदाला घाबरावे हे मला खरोखर कळत नाही.

मराठी आपल्याला सरळ वाटते ती आपण तिच्यात वाढलो म्हणून. बाहेरून पाहणाऱ्याला ती किती गुंतागुंतीची दिसते हे एका फ्रेंच माणसालाच विचारावे. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली पॅरिसहून प्रसिद्ध झाला, आणि पुढे वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. मराठीच्या ऐतिहासिक अभ्यासाचा पाया म्हणून आजही त्याचे नाव घेतात. आपला आजचा वर्तमानकाळ मुळात क्रियापदाचा नव्हेच, तो धातुसाधिताचा आहे. ‘गात’, ‘करत’ या विशेषणासारख्या रूपाला पुढे पुरुष-वचनाचे प्रत्यय लागले, आणि विशेषण म्हटले की लिंग आले. म्हणून तो गातो आणि ती गाते. जुना, संस्कृतातून सरळ उतरलेला वर्तमानकाळ वेगळाच होता. ‘तुका म्हणे’ मधले ‘म्हणे’ हे त्याचे रूप; तिथे अर्थ ‘म्हणतो’ असा आहे. आज आपण ‘आजी नेहमी म्हणे’ असे लिहितो तेव्हा त्याच रूपाचा अर्थ ‘म्हणत असे’ होतो. वर्तमानकाळ सरकून रीतिभूतकाळ झाला आणि त्याच्या जागी नवा येऊन बसला. एवढी उलथापालथ पचवलेल्या भाषेला आपण सरळ म्हणतो आणि फ्रेंचला वाकडी.

फ्रेंचमध्ये जे झाले ते याच्या उलट. लॅटिनमध्ये कान्तो, कान्तास, कान्तात, कान्तामुस, कान्तातिस, कान्तान्त अशी सहा ठसठशीत रूपे होती, आणि सर्वनामाची गरज नव्हती. फ्रेंचमध्ये शतकानुशतके शब्दांची शेपटे झिजत गेली. शेवटचा त गेला, स गेला, ‘ते गातात’ मधला न्त गेला. लेखणीने मात्र त्यातले बरेच जपून ठेवले. ‘ते’च्या रूपाला आजही शेवटी ई-एन-टी ही तीन अक्षरे लिहितात आणि एकही उच्चारत नाहीत. शेपूट गेल्यावर कर्ता कोण हे सांगायचे काम पुढच्या सर्वनामाकडे आले. (शेपूट आधी गेले की सर्वनाम आधी सक्तीचे झाले, यावर पंडितांत वाद आहे. निष्कर्ष दोन्हीकडून एकच निघतो.) कन्नडमध्ये नुसते ‘बर्तीनि’ म्हटले की ‘मी येतो’ हे कळते, बसमध्ये कंडक्टर ‘एल्लि होग्तीरा?’ विचारतो, त्यात ‘तुम्ही’ नसतेच. मराठीतही नुसते ‘येतोस का?’ पुरते. फ्रेंचमध्ये नुसते ‘शाँत’ म्हणून भागत नाही. झ, त्यु, ईल हे आता सुटे शब्द कमी आणि क्रियापदाचे पुढचे प्रत्यय जास्त झाले आहेत. फ्रेंच माणूस ‘झशाँत’ असे एका दमात म्हणतो. क्रियापद चालवायचे ते पुढून, आणि आपला विद्यार्थी वहीत नजर लावून बसतो मागे.

आता संस्कृत रूपावलीचा मुद्दा. गायामि गायावः गायामः, गायसि गायथः गायथ, गायति गायतः गायन्ति. नऊ खाने, नऊ वेगळे उच्चार. मोठ्याने म्हटले की प्रत्येक खाना कानात आपली जागा धरून बसतो. आपली पाठांतराची परंपरा मौखिक होती आणि तिला शोभेल अशी सामग्री तिच्यापाशी होती. तोच प्रयोग फ्रेंचवर करा: शाँत, शाँत, शाँत, शाँतों, शाँते, शाँत. यात घोकायचे काय? फ्रेंच तक्त्यात जे पाठ होते ते डोळ्यांचे, म्हणजे मुक्या अक्षरांचे. परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी परंपरेचा कान घ्यायला हवा होता. त्यांनी वही घेतली.

बेशरेलचेही तसेच. ते पुस्तक फ्रेंच माणसासाठी आहे, म्हणजे ज्याला रूप बोलता येते पण लिहिताना कुठे एस टाकायचा आणि कुठे टी, याची शंका पडते त्याच्यासाठी. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली की कोश उघडतात, तसे तिकडे बेशरेल उघडतात. मराठी शिकणाऱ्या फ्रेंच माणसाला पहिल्याच दिवशी कोणी शुद्धलेखनाच्या नियमांचे पुस्तक हाती देईल का? फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाला आपण तेच देतो.

‘पण तिसरा गट? तिथे तर खरोखर रूपे बदलतात.’ बदलतात, आणि इथेच तक्ता सर्वांत जास्त दिशाभूल करतो. तक्ता ‘मी’पासून सुरू होतो. तो ‘ते’पासून वाचून पाहा. निघणे या क्रियापदाचे ‘ते’चे रूप ‘ईल पार्त’. ‘तो’चे ‘ईल पार’. झोपणे: ईल दॉर्म, ईल दॉर. लिहिणे: ईलझेक्रीव्ह, ईलेक्री. वाचणे: ईल लीझ, ईल ली. ठेवणे: ईल मेत, ईल मे. विकणे: ईल व्हाँद, ईल व्हाँ. संपवणे, जे दुसऱ्या गटात घालतात, तेही असेच: ईल फिनीस, ईल फिनी. अनेकवचनातले शेवटचे व्यंजन गाळले की एकवचन तयार. मी, तू आणि तो या तिघांचा उच्चार त्या एकाच रूपात बसतो. जिथे शेवटी अनुनासिक येते तिथे व्यंजन स्वरात विरघळते, एवढाच फरक: येणे या क्रियापदाचे ईल व्हियेन, ईल व्हियँ, घेणे या क्रियापदाचे ईल प्रेन, ईल प्राँ. ‘तो’वरून ‘ते’कडे जायला निघालात तर कुठे त लावायचा, कुठे म, कुठे व्ह आणि कुठे स, याचा नियम सापडत नाही, म्हणून हा गट अनियमित ठरला. ‘ते’कडून ‘तो’कडे या, बहुतेक अनियमितपणा नाहीसा होतो. ही माझी शोधबुद्धी नव्हे. बोललेल्या फ्रेंचचा अभ्यास करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञांनी हे केव्हाच दाखवले आहे. शिकवणीच्या वर्गापर्यंत ते पोचले नाही इतकेच.

आम्ही-तुम्हीच्या खान्यांत काही वेळा धातूचा स्वर बदलतो. पिणे: ईल ब्वाव्ह, पण वू ब्युव्हे. येणे: ईल व्हियेन, पण वू व्हने. हाही लहरीपणा नव्हे. लॅटिनमध्ये आघात कधी धातूवर पडे, कधी प्रत्ययावर. आघात पडलेला स्वर एका वाटेने बदलला, न पडलेला दुसऱ्या. मी-तू-तो-ते एका बाजूला आणि आम्ही-तुम्ही दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी क्रियापदामागून क्रियापदात तशीच दिसते.

अपवाद आहेत का? आहेत, आणि ते लपवायचे कारण नाही. ‘ते’च्या खान्यात चार: सों, ओं, व्हों, फों, म्हणजे असणे, जवळ असणे, जाणे, करणे. ‘तुम्ही’च्या खान्यात तीन: एत, फेत, दीत. ‘आम्ही’च्या खान्यात एकच, सॉम. ‘मी’च्या खान्यात स्वी, ए आणि व्हे. धावणे, पाहणे, उघडणे अशा काही क्रियापदांत काही गाळावेच लागत नाही, तर सावोआर, म्हणजे माहीत असणे, यात स्वरही बदलतो. ही यादी एका पोस्टकार्डावर मावेल. आणि यातली बहुतेक रूपे इतकी वापरातली आहेत की पाठ करायच्या आधीच तोंडात बसतात. १९५० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ गूगेनाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून शब्द मोजले, तेव्हा असणे आणि जवळ असणे ही दोन क्रियापदे अग्रभागीच निघाली. दुसऱ्या टोकाला, फ्रेंचमध्ये नव्याने येणारे जवळजवळ प्रत्येक क्रियापद ‘शाँते’च्या वळणावर जाते. स्कॅन करणे, गूगल करणे, लाइक करणे, सगळी.

हा शब्दच्छल नव्हे. त्याची किंमत कशी मोजावी लागते ते सांगतो. पॅरिसहून फोनवर कोणी म्हणाले, ‘एल व्हियेन दमँ’, तर त्या उद्या येणार आहेत, दोघी की चौघी ते विचारून घ्या. ‘एल व्हियँ दमँ’ म्हटले तर एकटीच येणार आहे. सर्वनामाचा उच्चार दोन्हीकडे तोच. हॉटेलात खोल्या किती घ्यायच्या, हे एका न-वर अवलंबून आहे. ज्याने वहीत ई-एन-टी गिरवले त्याला हा न ऐकू येत नाही, कारण त्याच्या लेखी अनेकवचनाची खूण ती तीन मुकी अक्षरे. तसेच ‘ईल सों’ म्हणजे ते आहेत आणि ‘ईल झों’ म्हणजे त्यांच्याजवळ आहे. भेद फक्त स आणि झ मधला. इथे मराठी माणसाला एक सोय आहे. देवनागरीत मी झ लिहिले असले तरी हा उच्चार ‘जरा’तल्या दंत्य ज-जवळचा, आणि तो आपल्या तोंडात मुळात आहे. कॅनडाच्या त्या वेगळ्या फेऱ्यांसाठी ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे या चारही अंगांत ठरावीक पातळी गाठावी लागते. लिहिण्यात तरलेला उमेदवार ऐकण्यात बुडाला तर त्याची वही त्याला विमानात बसवणार नाही.

आणखी एक गोष्ट या शहरात सर्रास होते. फ्रेंच शिकवतात ती इंग्रजीतून. वर्गात तमिळ, मल्याळी, बंगाली सगळे असतात, त्यामुळे ते टळत नाही. पण मनातल्या मनातही इंग्रजीतूनच जायची सक्ती कोणी केली आहे? इंग्रजीत ‘खातो’ आणि ‘खातोय’ यांचे साचे काटेकोरपणे वेगळे ठेवावे लागतात. त्या साच्यातून निघालेला विद्यार्थी ‘मी खातोय’साठी ‘झ स्वी माँझे’ असे काहीतरी जुळवतो, आणि ते फ्रेंच नसते. फ्रेंच दोन्हीसाठी ‘झ माँझ’ म्हणते. मराठी माणूस ‘काय करतोस?’ला ‘जेवतो’ असे सहज उत्तर देतो, तसेच. ‘उद्या येतो’ मधला वर्तमानकाळ फ्रेंचमध्ये जशाच्या तसा चालतो. ‘मी दहा वर्षांपासून बेंगळुरूत राहतो’ हे वाक्य इंग्रजीत न्यायचे तर क्रियापदाचा काळ बदलावा लागतो. फ्रेंचमध्ये साधा वर्तमानकाळ ठेवून ‘दप्वी दि झाँ’ जोडले की झाले. घरचा रस्ता जवळचा असताना लोक लंडनमार्गे पॅरिसला जातात.

आता उरलेला आक्षेप. पीयूसीचा पेपर लिहायचा असतो, बोलायचा नसतो. तिथे शेवटचा एस विसरला तर गुण जातोच. मान्य. स्पेलिंग शिकावेच लागेल, आणि त्यासाठी तक्त्याचा उपयोग आहे. पण ते दुसरे काम आहे, पहिले नव्हे. फ्रेंच मूल शाळेत जाऊन तक्ते गिरवते तेव्हा वर्तमानकाळ त्याच्या तोंडात कधीचाच बसलेला असतो. त्याआधी ते ‘वू दीत’ऐवजी ‘वू दीझे’ म्हणते, ‘वू फेत’ऐवजी ‘वू फझे’. चूकच, पण किती नियमशुद्ध चूक! त्या पोराने तक्ता पाहिलेला नसतो. कानाने ऐकलेल्या शेकडो रूपांतून त्याने नियम काढलेला असतो. मोबाइलवरच्या अ‍ॅपवाल्यांनी यावरून लगेच खूश होऊ नये. ‘व्याकरण नको, नुसते खेळत राहा’ हा त्यांचा दावाही मला मान्य नाही. मुलाला दिवसभर फ्रेंच ऐकू येते. बनशंकरीच्या फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर पंधरा मिनिटे ऐकणाऱ्या प्रौढाला नियम कोणीतरी सांगावाच लागतो. फक्त तो बोलल्या जाणाऱ्या भाषेचा असावा.

बेंगळुरूला फ्रेंच काही आयटी कंपन्यांनी आणलेली नाही. सेंट जोसेफ्स ही इथली जुनी शिक्षणसंस्था १८८२ साली पॅरिसच्या परदेशी मिशनच्या फ्रेंच पाद्र्यांनीच सुरू केली. वसंतनगरला थिमय्या रोडवर आलियाँस फ्राँसेजची इमारत कित्येक वर्षे उभी आहे. शिकवण्याची सोय या गावात भरपूर आहे, आणि तक्ते आखणारे शिक्षक आपापल्या कामात प्रामाणिक आहेत. त्यांच्याकडे मागणे एवढेच: पुढच्या तुकडीला क्रियापद शिकवताना फळा पहिले काही तास कोरा ठेवा. ‘ते’च्या रूपापासून सुरुवात करा. आपल्या जुन्या वैयाकरणांनी प्रथमपुरुष म्हटले ते ‘तो’ आणि ‘ते’ यांनाच, तेव्हा यात परंपरेचाही भंग नाही. व्यंजन गाळून एकवचन करायला लावा, तेही तोंडी. सहा खान्यांचा तक्ता हवा तर तिसऱ्या आठवड्यात आखा, आणि त्याच्या वर मोठ्या अक्षरांत लिहा: शुद्धलेखन.